कानशीचे तास

यंदा जूनमध्ये आयटीआयने (औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने) फिटर ट्रेडचा निदेशक म्हणून माझा करार पुढे वाढवला नाही. माझ्या जागी तासिका तत्त्वावर एक पदवीधर अभियंता घेतला आहे. मुलगा सालस आहे, अभ्यासू आहे. पण कारखान्यातली बंद पडलेली लाइन त्याने कधी पाहिलेली नाही, आणि तासाच्या पैशांवर त्याचं घर चालणार नाही. तो वर्षभरात दुसरीकडे जाईल, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

त्याआधीच्या, भोसरीतल्या कारखान्यातल्या मेंटेनन्सच्या वर्षांबद्दल फार सांगत नाही. शिफ्ट, ग्रीस, रात्रीचे ब्रेकडाउन. १९९१ नंतर बाजार खुला झाला, नवी यंत्रं आली, आणि पुढे स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. त्या पैशांतून कुणी रिक्षा घेतली, कुणी गावी घर बांधलं. मी काही वर्षं किरकोळ दुरुस्तीची कामं केली.

मग सार्वजनिक-खासगी भागीदारीची योजना आली. २००७-०८ पासून केंद्राने १३९६ सरकारी आयटीआयना टप्प्याटप्प्याने प्रत्येकी अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज दिलं. संस्था व्यवस्थापन समित्यांमध्ये उद्योजक आले. आमच्या आयटीआयच्या समितीने मला फिटर ट्रेडला घेतलं, आणि माझ्या कामाच्या आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षं सुरू झाली.

पहिले काही महिने फक्त कानस. खेड, मावळ, जुन्नरकडची पोरं. हाताला फोड यायचे, कुरकुर चालायची. लोखंडी तुकडा घासायचा, गुण्या लावून उजेडाकडे धरायचा आणि फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा वाइसला. पुढे एका कारखान्याने भंगारात काढलेला गिअरबॉक्स मी मागून आणला. एका पोराने शाफ्टवर बेअरिंग बसवताना बाहेरच्या रिंगवर हातोडा घातला. मी ते बेअरिंग कापायला लावलं आणि गोळ्यांनी धावपट्टीवर पाडलेले खळगे सगळ्यांना बोटाने चाचपायला सांगितले. शाफ्टवर बसवताना दाब आतल्या रिंगवर, आणि त्याहून बरं म्हणजे बेअरिंग तेलात शंभर-एकशे दहा अंशांपर्यंत तापवून सरकवायचं, हे त्या वर्गाला पुन्हा सांगावं लागलं नाही. कधी मी कपलिंगचं अलाइनमेंट मुद्दाम बिघडवून ठेवायचो. स्क्रूड्रायव्हरचं टोक हाउसिंगला, मूठ कानाला, आणि आवाजावरून दोष शोधायचा. ज्याला सापडायचा त्याचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

२०१३ साली सेमिस्टर पद्धत आली. दर सहा महिन्यांनी परीक्षा, तिची तयारी, तिचे कागद. सराव मागे पडला. आम्ही निदेशक बैठकांमध्ये हे बोलत होतो. वरून उत्तर यायचं की जुन्या माणसांना बदल नको असतो. २०१८ मध्ये सेमिस्टर रद्द झालं. मधल्या तुकड्यांचा गेलेला सराव त्यांना कुणी परत दिला नाही.

नंतरचा घाव मोठा होता. २०२२ च्या अभ्यासक्रमात वर्षाचे १६०० तास १२०० वर आले, प्रात्यक्षिकाचे १००० तास ८४० झाले. लेखी परीक्षा म्हणजे संगणकावर चारांतला एक पर्याय निवडणं. उरलेलं कारखान्यात शिकतील असं सांगतात. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा त्यासाठीच आहे, पण किती ठिकाणी शिकाऊ पोराला मेंटेनन्सच्या माणसाजवळ उभं करतात? स्वस्त ऑपरेटर म्हणून लाइनवर उभं करतात, आणि वर्ष संपलं की नवा घेतात. मग हेच कारखानदार सभांमध्ये सांगतात की हाताला काम येणारी मुलं मिळत नाहीत.

सरकारला माझं सांगणं आहे: निदेशकांची पदं पूर्ण पगारावर भरा, आणि त्यांत कारखान्यात हात काळे केलेल्यांना जागा ठेवा. मेंटेनन्समधून निवृत्त होणाऱ्या माझ्या सोबत्यांनाही सांगणं आहे: जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन प्राचार्यांना भेटा, आठवड्यातला एक दिवस मागून घ्या, आणि जाताना एखादं तुटकं बेअरिंग बरोबर न्या.