उकडलेल्या शेंगा : संस्कार, कृती आणि पथ्यविचार

वर्षा ऋतू सरत आला, की खरिपाच्या भुईमुगाची काढणी सुरू होते आणि बाजारात ओल्या शेंगांचे ढीग दिसू लागतात. नेमक्या याच सुमारास चिकित्सालयात अम्लपित्त, छातीत दाह, शिरःशूल आणि अंगावर पित्त उठणे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांची संख्याही वाढते. नवरात्राचे उपवास त्यात भर घालतात. रुग्ण विचारतो, "वैद्यराज, शेंगा खाव्यात की नाही?" आपल्यापैकी बरेचजण "शेंगदाणे पूर्ण बंद" एवढेच उत्तर देऊन मोकळे होतात. हे उत्तर काही रुग्णांसाठी योग्यच आहे. परंतु भाजलेला, तळलेला, कुटून खिचडीत घातलेला आणि टरफलासह उकडलेला शेंगदाणा हे चारही एकाच मापाने मोजणे आयुर्वेदाच्या संस्कारविचाराला धरून नाही. प्रस्तुत लेखात उकडलेल्या शेंगांची घरगुती कृती, तिच्यामागील कारणे आणि तिच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

अनुक्त द्रव्य म्हणून भुईमूग

भुईमूग हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील पीक. युरोपीय दर्यावर्दींच्या संपर्कानंतरच ते आपल्याकडे आले, त्यामुळे बृहत्त्रयीत त्याचा उल्लेख असणे शक्य नाही. 'भूचणक' यांसारखी संस्कृत नावे अर्वाचीन आहेत. गंमत अशी, की आपल्या उपवासाच्या ताटातील शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची आणि ज्याच्यापासून साबुदाणा तयार होतो तो कसावा कंद, ही चारही द्रव्ये अमेरिका खंडातून आलेली आहेत.

ग्रंथात न सांगितलेल्या द्रव्यांविषयी चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अन्नपानविधी अध्यायाच्या शेवटी मार्ग दाखवला आहे. अशा द्रव्यांबाबत त्या त्या देशातील जाणत्या लोकांचा अनुभव विचारात घ्यावा, असा त्याचा आशय. आपल्या शेतकरी घरांतून शेंगदाण्याबरोबर गुळाचा खडा देण्याची चाल आहे, दाणे फार खाल्ले की 'पित्त होते' असा सार्वत्रिक अनुभव आहे आणि ओली शेंग कच्ची खाण्यापेक्षा उकडून खावी, असे घरातील वडीलधारी सांगतात. हे लोकमत द्रव्यगुणविचाराशी जुळते.

वनस्पती म्हणून भुईमूग शिंबी कुळातील आहे. फूल जमिनीवर येते, फलधारणेनंतर आरी मातीत शिरते आणि शेंग तेथे पोसते. परंतु मूग, मसूर, हरभरा या शमीधान्यांप्रमाणे तो रूक्ष नाही. वाळलेल्या दाण्यात वजनाच्या जवळपास निम्मे तेल आणि सुमारे चतुर्थांश प्रथिने असतात. म्हणून त्याची तुलना एका बाजूने शमीधान्याशी व दुसऱ्या बाजूने तिळाशी करावी लागते. रस मधुर-कषाय, गुण गुरु व स्निग्ध, वीर्य किंचित उष्ण आणि अतियोगात पित्त व कफ वाढवणारा, असे अनुमान व्यवहारात उपयोगी पडते. कषायत्व मुख्यतः तांबड्या सालीत असते.

करण : भाजणे आणि उकडणे यांतील भेद

चरकविमानस्थानातील आठ आहारविधिविशेषायतनांपैकी 'करण' म्हणजे संस्कार. जल आणि अग्नी यांचा संयोग हा त्यातील प्रमुख संस्कार आहे. भाजताना दाण्यातील जलांश निघून जातो. दाणा रूक्ष, खर व अधिक उष्ण होतो. उकडताना याच्या उलट घडते. टरफलातून पाणी आत शिरते, दाणा मृदू होतो, चावण्यास सोपा होतो आणि रूक्षता जाते. ओल्या उष्णतेने शिंबीधान्यातील पचनास अडथळा करणारे घटक, विशेषतः प्रथिनांचे पचन रोखणारे, निष्प्रभ होतात. टरफल व सालीतील काही वनस्पतिजन्य घटकही पाण्याबरोबर दाण्यात उतरतात.

येथे एक सावधगिरी हवी. १०० ग्रॅम वाळलेल्या दाण्यांतून सुमारे ५६७ किलोकॅलरी मिळतात, तर मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तेवढ्याच दाण्यांतून सुमारे ३१८. यावरून 'उकडल्याने स्निग्धांश निघून जातो' असा निष्कर्ष काही जण काढतात. तो बरोबर नाही. उकडलेल्या दाण्यात सुमारे ४२ टक्के पाणी असते, म्हणून समान वजनात दाणे कमी बसतात. एका दाण्याचा स्निग्धांश जवळजवळ तेवढाच राहतो. गुरुता कायम राहते; रूक्षता आणि तीक्ष्णता मात्र कमी होते. पथ्यविचार याच भेदावर उभा आहे.

कृती

१. ओल्या शेंगा. १ किलो ताज्या, जून व भरलेल्या शेंगा घ्याव्यात. पोचट, फुटलेल्या, काळ्या डागांच्या व कीड लागलेल्या शेंगा काढून टाकाव्यात. शेंगा पाण्यात अर्धा तास भिजवून हाताने चोळून, पाणी स्वच्छ येईपर्यंत तीन-चार वेळा धुवाव्यात. टरफलाच्या खाचांत माती घट्ट बसलेली असते. कुकरमध्ये दीड लिटर पाणी, ४० ग्रॅम मीठ व पाव चमचा हळद घालून शेंगा त्यात सोडाव्यात. पाणी शेंगांच्या वर यावे. तीन-चार शिट्ट्या झाल्यावर मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे ठेवून आच बंद करावी. उघड्या पातेल्यात शिजवायच्या असल्यास वर ताटली व वजन ठेवावे, कारण शेंगा तरंगतात. तेव्हा एक ते दीड तास लागतो.

वाफ आपोआप जिरल्यावर एक शेंग फोडून पाहावी. दाणा बोटाने सहज दाबला गेला पाहिजे, पण त्याचा लगदा होता कामा नये. त्यानंतर शेंगा त्याच पाण्यात तासभर राहू द्याव्यात. पाणी निवताना मीठ व मसाल्याचा स्वाद आत ओढला जातो. शेंगा लगेच निथळल्या, तर टरफल खारट आणि दाणा अळणी राहतो. निथळलेले पाणी वापरू नये.

२. वाळलेल्या शेंगा. या आठ ते दहा तास भिजवाव्यात व भिजवलेले पाणी टाकून द्यावे. सहा-सात शिट्ट्या आणि मंद आचेवर अर्धा तास एवढा वेळ यांना लागतो. दाणा कडक वाटल्यास पुन्हा शिजवावे.

३. सोललेल्या दाण्यांची उसळ. २५० ग्रॅम दाणे रात्रभर भिजवून, मिठाच्या पाण्यात दोन-तीन शिट्ट्या देऊन निथळावेत. दोन चमचे तुपात जिरे, कढीपत्ता, किसलेले आले व हिरव्या मिरचीचा एखादा तुकडा परतून त्यात दाणे घालावेत. वरून ओले खोबरे, कोथिंबीर व लिंबू द्यावे. तामिळनाडूत नवरात्रात नैवेद्य म्हणून केले जाणारे सुंडल याच जातीचे आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतही ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात तासन्‌तास उकडून खातात. साउथ कॅरोलिना राज्याने २००६ मध्ये त्यांना राज्याच्या अधिकृत खाद्यपदार्थाचा मान दिला.

संयोग : मसाल्याची योजना

उकडण्याच्या पाण्यात कोणते द्रव्य घालावे, हे रुग्णाच्या प्रकृतीनुसार ठरवता येते. वातप्रधान व्यक्तीस आध्मान होऊ नये म्हणून हिंग, आले व सैंधव घालून वर थोडे तूप द्यावे. पित्तप्रधान व्यक्तीसाठी पाण्यात धणे, जिरे व बडीशेप यांची पुरचुंडी सोडावी. मिरची, लिंबू व जास्त मीठ टाळावे, वरून कोथिंबीर व ओले खोबरे द्यावे. कफप्रधान व्यक्तीसाठी सुंठ, मिरी व ओवा वापरून मात्रा निम्मी ठेवावी. उपवासात बहुतेक घरांतून हळद व हिंग वर्ज्य असतात. तेव्हा जिरे, आले व सैंधव एवढ्यावर काम भागते.

राशी आणि काल

प्रौढ व मध्यम अग्नी असलेल्या व्यक्तीस पंधरा-वीस शेंगांचे दाणे एका वेळी पुरेसे आहेत. दुपारी, भूक लागलेली असताना खाव्यात. भरल्या पोटी वा रात्री उशिरा खाल्ल्यास गुरुत्वामुळे विदाह व आध्मान होते. शरद हा पित्तप्रकोपाचा काळ असल्याने ज्यांना अम्लपित्ताचा इतिहास आहे, त्यांनी या ऋतूत मात्रा अल्प ठेवावी; लक्षणे प्रत्यक्ष असताना उकडलेल्या शेंगाही टाळाव्यात. हेमंतात, अग्नी बलवान असताना, हेच द्रव्य बल्य ठरते. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीत घातलेले मूठ-दोन मुठी कूट, तळलेला बटाटा आणि वर दोन कप चहा यांऐवजी मोजक्या उकडलेल्या शेंगा, एखादे फळ व ताजे ताक सुचवले, तर उपवासही साधतो आणि अनेकांचे पित्तही आवरते.

मिठाचा हिशेब मात्र कसोशीने करावा. मिठात उकडलेल्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ७५० मिलिग्रॅम सोडिअम, म्हणजे जवळपास १.९ ग्रॅम मीठ असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगितली आहे. रक्तदाब, हृद्रोग, वृक्कविकार व शोथ असलेल्या रुग्णांस मीठ न घालता उकडलेल्या शेंगाच सांगाव्यात. सैंधव लवणांत श्रेष्ठ असले, तरी त्यातही मुख्य घटक सोडिअम क्लोराईडच आहे. 'सैंधव चालते' असे सांगून अशा रुग्णास मोकळीक देणे धोक्याचे आहे.

बुरशीचा धोका

या विषयातील सर्वांत गंभीर भाग हा आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. त्यांच्या खाद्यातील शेंगदाणा पेंडीत ॲस्परजिलस बुरशीचे विष सापडले आणि त्यास अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. १९७४ मध्ये राजस्थान व गुजरातच्या सीमेवरील जिल्ह्यांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने याच विषाने कामला व जलोदर होऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हे विष यकृतावर आघात करते व यकृताच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे.

उकळत्या पाण्याच्या तापमानाला अफ्लाटॉक्सिन नष्ट होत नाही. कुकरनेही त्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून 'उकडले म्हणजे शुद्ध झाले' हा समज सोडावा. शुद्धी निवडण्यातच आहे. ओल्या शेंगा पोत्यात दाबून ठेवल्या, की तापतात व एक-दोन दिवसांत बुरशी धरतात. त्या आणल्या दिवशीच उकडाव्यात. काढणीपूर्वी पावसाने ताण दिला असेल, तर बुरशी शेतातही लागते. सुरकुतलेला, हिरवट वा काळपट, कडू किंवा खवट लागणारा दाणा थुंकून टाकावा, गिळू नये. यकृतविकाराच्या रुग्णास शेंगदाणा सांगण्यापूर्वी ही बाब विशेष ध्यानात घ्यावी.

उकडलेल्या शेंगा ओलसर व अनाम्ल असल्याने सामान्य तापमानात काही तासांतच बुळबुळीत होतात. शीतकपाटात दोन-तीन दिवस टिकतात. त्या घरी हवाबंद बरण्यांत भरून ठेवणे अत्यंत धोक्याचे आहे. अशा स्थितीत प्राणघातक जीवाणुविष तयार होऊ शकते.

ॲलर्जी आणि औषधनिर्मात्यांची जबाबदारी

शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते. उकडलेल्या दाण्यातील प्रथिने भाजलेल्या दाण्यापेक्षा कमी ॲलर्जिकारक असतात, परंतु निर्धोक नसतात. ओठ सुजणे, अंगावर गांधी, श्वास कोंडणे असा पूर्वेतिहास असलेल्या रुग्णास कोणत्याही रूपात दाणे देऊ नयेत. अख्खा दाणा, मऊ असला तरी, पाच वर्षांखालील मुलांच्या श्वासनलिकेत अडकू शकतो. त्यांना तो वाटूनच द्यावा.

औषधशाळांच्या चालकांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. शास्त्रात नुसते 'तैल' म्हटले असता तिळाचे तेल अभिप्रेत असते. सिद्ध तैलांत स्वस्ताईसाठी शेंगदाणा तेलाची भेसळ झाली, तर ती केवळ शास्त्रदृष्ट्या उणीव नव्हे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील बालकांच्या एका पाहणीत, शेंगदाणा तेलयुक्त लेप त्वचेवर लावलेल्या बालकांत पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी अधिक आढळली. बालकांच्या अभ्यंगासाठी तेल बनवणाऱ्यांनी हे गांभीर्याने घ्यावे. खरेदी केलेल्या तिळतेलावर बॉडोइन व बेलियर या दोन्ही परीक्षा कराव्यात. बॉडोइन परीक्षेत तिळतेल असल्यास गुलाबी-तांबडा रंग येतो. पण थोडेसे तिळतेलही तो रंग देते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये. शेंगदाणा तेलाचा बेलियर गढूळांक ३९ ते ४१ अंश सेल्सिअस असल्याने भेसळीचा संशय दुसऱ्या परीक्षेने पडताळता येतो. सूत्रातच शेंगदाणा तेल योजले असेल, तर वेष्टनावर ते स्पष्ट छापावे.

तात्पर्य, रुग्णाने शेंगांविषयी विचारल्यास चार प्रश्न आपण विचारावेत : अग्नी कसा आहे, ऋतू कोणता आहे, मिठाचे बंधन आहे काय आणि पूर्वी कधी ॲलर्जी झाली आहे काय. उत्तरे अनुकूल असतील, तर ताज्या निवडलेल्या शेंगा, योग्य मसाला आणि मोजकी मात्रा एवढे सांगून रुग्णास आनंदाने परवानगी द्यावी. प्रतिकूल असतील, तर नकाराचे कारणही सांगावे. कारण कळलेले पथ्य रुग्ण अधिक निष्ठेने पाळतो.