लेखणी आणि अंमल

कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. यंत्राची स्मृती, त्याला जोडलेली उपकरणे आणि त्यावर चालणारे सर्व प्रोग्राम यांची सूत्रे त्याच्याच हाती असतात. भिलाईच्या रुआबांध्यातील एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या लिनक्स संगणकाला नवे वायफाय उपकरण लावले, तर त्याचा ड्रायव्हर बहुधा मॉड्यूलच्या रूपाने, यंत्र चालू असतानाच, या गाभ्यात दाखल होतो, आणि दाखल होताच गाभ्याचे सर्व अधिकार त्यालाही प्राप्त होतात.

म्हणूनच मॉड्यूलच्या वाट्याला आलेल्या स्मृतीवर कोणाचा कोणता हक्क, याचा बंदोबस्त काटेकोर असावा लागतो. ही स्मृती साधारणतः ४०९६ बाइटांच्या पानांत विभागलेली असते, आणि वाचणे, लिहिणे व चालवणे हे तीन परवाने प्रत्येक पानास निरनिराळे देता येतात. गावगाड्यात दप्तर कुलकर्ण्याकडे आणि अंमल पाटलाकडे असे, तसाच येथेही दंडक आहे: ज्या पानावर लिहिता येते, त्यातील मजकूर आज्ञा म्हणून चालवता येऊ नये. ही दोन्ही मुखत्यारी एकाच पानास मिळाली, तर ड्रायव्हरमधील लहानशा चुकीचा फायदा घेऊन घुसखोर त्यावर आपला मजकूर लिहील आणि तोच गाभ्याकडून चालवून घेईल.

मॉड्यूल भरताना पाने प्रथम लिहिण्यायोग्य ठेवून त्यांत इतर फंक्शनांचे पत्ते नोंदले जातात. ते काम संपताच आज्ञांची पाने केवळ वाचण्या-चालवण्यापुरती, स्थिर माहितीची केवळ वाचण्यापुरती, आणि बदलत्या माहितीची लिहिण्यास खुली परंतु चालवण्यास बंद केली जातात. प्रारंभापुरता लागणारा भाग काम होताच मोकळा होतो. निरनिराळ्या परवान्यांचे भाग एकाच पानावर नांदू शकत नसल्याने थोडी स्मृती वाया जाते. सुरक्षिततेसाठी ते मोल अल्पच आहे.

एएमडीने २००३ साली आपल्या ६४-बिट प्रोसेसरांत ‘हे पान चालवू नये’ अशी खूण आणली. मॉड्यूलांना हे संरक्षण लिनक्सच्या २.६.३८ आवृत्तीत, २०११ साली, ऐच्छिक स्वरूपात लाभले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेची ‘बॉस’ ही कार्यप्रणालीही लिनक्सवरच उभी असल्याने, हा विषय आपल्यापासून दूरचा नाही.

तथापि, दुष्ट हेतूनेच लिहिलेले मॉड्यूल आत शिरले, तर ते हे परवाने स्वतःच बदलू शकते. म्हणून मॉड्यूल कोणाकडून आले याची डिजिटल सहीवरून शहानिशा करणे आणि आत आल्यावर त्याला कामापुरताच हक्क देणे, ही दोन्ही कर्तव्ये एकमेकांवाचून अपुरी आहेत.