पाहुण्याच्या नावाने खाते

देशाच्या जीडीपीचा तक्ता उघडला तर त्यात शेती सापडते, खाणी सापडतात, कारखानदारी, बांधकाम, वीज सापडते. ‘पर्यटन’ नावाची ओळ मात्र कुठेच नाही. हॉटेल सापडते, पण ते व्यापार, वाहतूक आणि दळणवळणाच्या गाठोड्यात बांधलेले. रेल्वे आणि विमानेही त्याच गाठोड्यात, पण त्यांतून प्रवास करणारा माणूस कामावर निघाला आहे की काशीला, हे तक्ता सांगत नाही. यात कारकुनी चूक नाही. राष्ट्रीय लेख्यात उद्योगाची ओळख तो काय बनवतो यावरून ठरते, आणि पर्यटन काहीच बनवत नाही. नागपुरातल्या एखाद्या सावजी खानावळीत शहरातल्याच महाल भागातला माणूस जेवला तर ते पर्यटन नव्हे. शेजारच्या पाटावर बालाघाटहून आलेला माणूस जेवला तर ते पर्यटन. रस्सा तोच, आचारी तोच, पैसेही तेवढेच. फरक फक्त जेवणारा कुठून आला एवढाच. म्हणजे पर्यटन हे मालाचे नाव नाही, गिऱ्हाइकाचे नाव आहे. हे एकदा ध्यानात घेतले की पर्यटनाच्या आकड्यांवरून होणारे बरेचसे वाद सुटतात, आणि नागपूरसारख्या शहराने स्वतःविषयी करून घेतलेला एक गैरसमजही उघडा पडतो.

गिऱ्हाइकाच्या नावाने खाते मांडायची रीत बसवायला जगाला बराच वेळ लागला. १९९१ मध्ये ओटावा येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत या कल्पनेने आकार घेतला, १९९४ मध्ये कॅनडाने असा पहिला लेखा प्रसिद्ध केला आणि २००० साली संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने त्याची पद्धत मान्य केली. सध्या चालते ती २००८ ची सुधारित चौकट. तिचे नाव ‘पर्यटन उपग्रह लेखा’. मुख्य राष्ट्रीय लेखा हा ग्रह आणि हा त्याच्याभोवती फिरणारा छोटा उपग्रह: नियम त्याचेच, व्याख्या त्याच्याच, फक्त मांडणी वेगळी. एका बाजूला पाहुण्यांनी कशाकशावर किती खर्च केला हे घरोघरच्या पाहणीतून काढायचे. दुसऱ्या बाजूला हॉटेल, खानावळी, रेल्वे, बस, विमान, सहल कंपन्या यांचे एकूण उत्पादन राष्ट्रीय लेख्यातून घ्यायचे. मग दोन्ही एकमेकांसमोर ठेवून प्रत्येक धंद्याच्या उत्पन्नातला पाहुण्यांचा वाटा काढायचा. लॉजच्या खोल्यांत तो जवळजवळ पूर्ण असतो, खानावळीत थोडा, किराणा दुकानात नगण्य. त्या वाट्याइतके मूल्यवर्धन पर्यटनाच्या खात्यावर जमा होते. भारताने असे लेखे आजवर तीनदा केले, २००२-०३, २००९-१० आणि २०१५-१६ या वर्षांसाठी.

आता या खात्यात ‘पाहुणा’ कोण? आपल्या नेहमीच्या वावराच्या परिसराबाहेर एका वर्षापेक्षा कमी काळासाठी गेलेला, आणि गेला तिथल्या मालकाकडे नोकरीला न लागलेला कोणीही. हेतू मौजेचा असावा अशी अट कुठेही नाही. देवदर्शन चालते, उपचार चालतात, भाचीचे लग्न चालते, कार्यालयीन कामही चालते. ही व्याख्या घेऊन नागपूरकडे पाहिले की चित्र पालटते. शहराच्या पर्यटनाची जाहिरात वाघाच्या चित्रावर उभी आहे: ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर, नागझिरा, आणि या सगळ्यांचे प्रवेशद्वार म्हणजे नागपूर. त्यात खोटे काही नाही. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे धम्मदीक्षा घेतली आणि दिली, त्या दीक्षाभूमीवर दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास लाखो लोक येतात. धंतोली-रामदासपेठेतल्या इस्पितळांत आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ‘मेडिकल’मध्ये छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, गोंदिया, गडचिरोली इथून रोग्यांचा ओघ बारमाही असतो, आणि एका रोग्यामागे दोन-तीन नातेवाईक लॉजवर किंवा भाड्याच्या खोलीत राहतात. १९५३ च्या नागपूर करारापायी विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन इथे भरते आणि डिसेंबरात मुंबईचे अर्धे मंत्रालय वऱ्हाडासारखे उतरते. त्यांचा प्रवास आणि मुक्काम राष्ट्रीय लेख्यात सरकारी कामकाजाचा खर्च म्हणून दडलेला असतो. उपग्रह लेखा तो शोधून पर्यटनाच्या रकान्यात आणतो. लग्नसराईत इतवारीत आणि सीताबर्डीवर बाहेरगावची खरेदी होते ती वेगळीच. यांतला कोणीही स्वतःला पर्यटक म्हणवणार नाही.

ही एकट्या नागपूरची गोष्ट नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७२ व्या फेरीत, म्हणजे जुलै २०१४ ते जून २०१५ या काळात, देशांतर्गत मुक्कामी प्रवासांचे हेतू विचारले गेले. सर्वाधिक प्रवास निघाले ते नातेवाइकांकडे जाण्याचे आणि सामाजिक कारणांचे. निव्वळ सुट्टी घालवायला, हवापालटाला केलेल्या प्रवासांचा वाटा त्यांच्यापुढे अगदी किरकोळ. आपल्याकडे पर्यटन धोरण मात्र याच किरकोळ वाट्याभोवती फिरते. परदेशी पाहुण्याचे तर विचारूच नका. २०२३ मध्ये आलेले सुमारे ९५ लाख परदेशी पर्यटक विमानतळावर आणि सीमेवरच्या नाक्यांवर एकेक करून मोजले गेले, कारण तिथे शिक्का मारावा लागतो. गणेशपेठेच्या बसस्थानकावर शिक्का मारत नाहीत.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. दीक्षाभूमीवर येणारा अनुयायी हा पर्यटक कसा? त्याच्या श्रद्धेला हॉटेलच्या बिलाच्या रांगेत बसवणे हा अपमान नव्हे का? शब्दापुरता आक्षेप मान्यच करावा. पर्यटक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस येतो, म्हणून इथे ‘पाहुणा’ म्हणणे बरे. पण व्याख्या बदलली तर तोटा त्या अनुयायाचाच आहे. जो हिशेबात नाही, त्याच्यासाठी नळ, शौचालय आणि जादा रेल्वेगाडी मागताना हातात कागद नसतो. शिवाय या गर्दीचा खर्च डोक्यामागे थोडा असतो हे खरे असले, तरी तो कशावर होतो हे पाहण्यासारखे आहे. दीक्षाभूमीच्या परिसरात त्या दिवसांत पुस्तकांची जी विक्री होते, ती पुष्कळ थंड हवेच्या ठिकाणांना वर्षभरात जमणार नाही. आणि जागोजागी चालणाऱ्या अन्नदानाचे काय? खाणाऱ्याने पैसे दिले नाहीत म्हणून ते मूल्य शून्य ठरत नाही. पाहुण्याला फुकट मिळालेल्या अशा सेवांसाठी लेख्यात वेगळी जागा आहे, आणि संस्थेला जेवढा खर्च आला तेवढी त्यांची किंमत धरायची असते. एरवी कोरड्या वाटणाऱ्या या चौकटीतला हा रकाना भारतीयांना विशेष उपयोगाचा आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. एवढा खटाटोप कशाला, माणसे मोजली की झाले! मोजतातच की. राज्यांच्या पर्यटन विभागांकडून आलेल्या आकड्यांची बेरीज करून केंद्र सरकारने २०२३ मध्ये देशांतर्गत पर्यटकांच्या सुमारे २५१ कोटी भेटी झाल्याचे सांगितले. देशाची लोकसंख्या १४० कोटींच्या आसपास. ही भेटींची संख्या आहे, माणसांची नाही. अमरावतीचे कुटुंब शेगाव, शिर्डी आणि त्र्यंबकेश्वर करून परतले की त्यांतला प्रत्येक जण तीनदा मोजला जाऊ शकतो. शिवाय प्रत्येक राज्याची मोजायची रीत वेगळी: कुठे हॉटेलच्या नोंदवह्या, कुठे घाटावरच्या गर्दीचा अंदाज. अशा बेरजेवरून कोणत्या राज्याचा कितवा क्रमांक हे छापायला सोपे जाते, पण त्यातून कोणाच्या हातात किती पैसा पडला हे कळत नाही. खेड्यातून आलेल्या आणि रात्रीच्या गाडीने परतलेल्या माणसाची एक भेट आणि जंगलालगतच्या रिसॉर्टवर तीन रात्री राहिलेल्याची एक भेट, दोन्हींचे वजन तिथे सारखेच.

पैसा मोजतानाही तारतम्य लागते. बाहेरगावच्या पाहुणीने इतवारीत दहा हजारांची पैठणी घेतली, तर ते दहा हजार पाहुण्यांच्या खर्चात धरले जातात. पण पर्यटनाचे थेट मूल्यवर्धन मोजताना दुकानदाराच्या मार्जिनमधून निघणारा हिस्साच मोजायचा. येवल्याच्या विणकराचा त्या पाहुणीशी थेट संबंध आला नाही. संत्रा बर्फीचेही तसेच. लेख्याची ही कंजुषी पर्यटनाच्या पुरस्कर्त्यांना आवडत नाही. मग ते अप्रत्यक्ष परिणामांकडे वळतात: हॉटेलला भाजी लागते, भाजीला ट्रक लागतो, ट्रकला डिझेल लागते. २००९-१० च्या लेख्यात पर्यटनाचा थेट वाटा जीडीपीच्या सुमारे ३.७ टक्के निघाला होता. अप्रत्यक्ष धरल्यावर तो ६.८ टक्क्यांवर गेला. दुसरा आकडा खोटा नाही, पण तो वापरताना एक पथ्य पाळावे लागते. हीच साखळी शेतीने, बांधकामाने आणि वाहन उद्योगानेही लावली, तर सगळ्यांच्या वाट्यांची बेरीज शंभराच्या पुष्कळ पुढे जाईल, कारण एकच डिझेल चौघे आपापल्या खात्यावर लावतील. भाषणात नेहमी मोठा आकडा येतो आणि थेट वाटा तळटीपेत जातो, एवढे वाचकाने लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

एक शंका अधिक मुळाशी जाते. २०१५-१६ मध्ये एकूण वाटा ५.१ टक्के होता. त्यानंतर महासाथीपर्यंत दरवर्षी ‘सुमारे पाच टक्के’ हेच ऐकू येत राहिले, २०२०-२१ मध्ये तो दीड टक्क्यावर कोसळला आणि २०२२-२३ मध्ये पुन्हा पाचावर आला. इतकी स्थिरता निसर्गात सहसा नसते. कारण उघड आहे: मधल्या वर्षांत नवा लेखा झालाच नाही. घरोघर जाऊन विचारलेला खर्च २०१४-१५ चा, त्यावरून काढलेली गुणोत्तरे २०१५-१६ ची, आणि तीच पुढे ओढत नेलेली. दहा वर्षांत ऑनलाइन बुकिंग वाढले, होम स्टे वाढले, समृद्धी महामार्ग झाला आणि नागपूर-शिर्डी हा प्रवास रात्रीचा न राहता सकाळचा झाला. जुन्या गुणोत्तरात यातले काही नाही. मग हे सगळे टाकून द्यायचे का? नाही, कारण लेख्यात एका टक्केवारीपेक्षा मोलाची गोष्ट असते, ती म्हणजे आतली रचना. २०१५-१६ मध्येच रोजगारातला वाटा, अप्रत्यक्ष धरून, १२.३८ टक्के होता. पाच टक्के मूल्य आणि बारा टक्के हात! याचा अर्थ असा की पर्यटनातल्या एका रोजगारामागे तयार होणारे मूल्य देशाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी, साधारण दोन पंचमांश आहे. २०२२-२३ मध्ये या क्षेत्राने ७.६ कोटी रोजगार दिले असे आर्थिक पाहणी अभिमानाने सांगते. ते रोजगार कोणते, तर जिप्सीचालक, वेटर, लॉजवर चादरी बदलणारा पोऱ्या, हंगामी मार्गदर्शक. पावसाळ्यात ताडोबाच्या गाभ्यातली सफारी बंद झाली की त्यांतल्या कित्येकांना दुसरे काम शोधावे लागते. रोजगाराचा आकडा मोठा असणे हे इथे बळाचे लक्षण आहे की कमी मिळकतीचे, हा प्रश्न हाच लेखा आपल्या हातात देतो.

राज्याच्या आणि जिल्ह्याच्या पातळीवर गुंता वाढतो, आणि नागपूर त्याचे जवळजवळ पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. पेंचचे जंगल दोन राज्यांत विभागलेले. मुंबईचे कुटुंब नागपुरात उतरते, इथूनच टॅक्सी करते, संध्याकाळी तर्री-पोहे खाते आणि दुसऱ्या दिवशी तुरिया फाटकातून आत शिरते. फाटक शिवनी जिल्ह्यात, म्हणजे मध्य प्रदेशात. सिल्लारी किंवा खुर्सापारने गेले असते तर सफारीचे पैसे महाराष्ट्रात राहिले असते. विमानाचे तिकीट कोणत्या राज्याचे? कान्हाच्या जंगलाकडे निघालेल्या पाहुण्याचा नागपुरातला एक मुक्काम कोणाच्या पर्यटनात? देशाच्या लेख्याला याची फिकीर नाही, त्याच्यासाठी सगळे घरातच. राज्याला हे ठरवावेच लागते. जिल्हावार लेखा मात्र होऊच शकत नाही, राष्ट्रीय पाहणीचा नमुना तेवढा मोठा नसतो, असे जाणकार म्हणतील आणि ते बरोबर आहे. पण नागपूरला दहा तक्त्यांचा संपूर्ण लेखा नकोच आहे. दसऱ्याचे चार दिवस, अधिवेशनाचा एक आठवडा, लग्नसराईतला एक आणि इस्पितळांच्या परिसरातला कोणताही साधा आठवडा: इतक्या वेळी, कुठून आलात, किती रात्री राहणार, कशावर किती खर्च झाला, एवढे तीन प्रश्न नीट विचारले तरी पुरे. एखाद्या महाविद्यालयाचा अर्थशास्त्र विभाग हे करू शकतो.

लेखा जे मोजत नाही, त्याचाही उल्लेख हवा. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात माणसे जातात, गुरे जातात, पिके तुडवली जातात. रिसॉर्टचे उत्पन्न खात्यावर जमा होते; गावाने मोजलेली किंमत नावे पडत नाही. २०२४ मध्ये सांख्यिकी आयोगाने पर्यटनाची शाश्वतता मोजण्याची नवी चौकट मान्य केली आहे. तीत पाणी, ऊर्जा, कचरा, परिसंस्था आणि स्थानिक माणसे यांना जागा आहे, पण आपल्याकडे अजून पहिल्याच खात्याची वही नवी करून हवी आहे.

ती वही बदलण्याची सुरुवात झाली आहे. सांख्यिकी मंत्रालयाने जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षासाठी देशांतर्गत पर्यटन खर्चाची पाहणी हाती घेतली, आणि पुढचा लेखा तिच्यावर उभा राहायचा आहे. त्याचा सगळा भार शेवटी दारातल्या एका संवादावर आहे. पाहणी करणारा विचारतो, वर्षभरात घरातले कोणी पर्यटनाला गेले होते का? घरातल्या काकू म्हणतात, छे हो, आम्हाला कुठे जमतं! आणि त्याच घरातले काका मार्चमध्ये भाचीच्या लग्नाला रायपूरला चार दिवस राहून आलेले असतात, दसऱ्याला मुलगा दीक्षाभूमीवर जाऊन आलेला असतो, आणि आजीच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी दोघे जण नागपुरात आठवडाभर लॉजवर असतात. विचारणाऱ्याने तिथेच ‘नाही’वर खूण केली, तर तीन प्रवास गेले. तो उंबऱ्यावर जरा थांबला आणि “लग्नाला, दवाखान्यात, देवाला किंवा दीक्षाभूमीला?” असे एकेक विचारत गेला, तर ते तिन्ही खात्यावर येतात.