परसबाग : न्हाणीच्या पाण्यावरची आरोग्याची ठेव

पूर्वी आपल्या मराठवाड्यातील घराच्या मागे न्हाणी असे आणि न्हाणीच्या पाण्यावर अळूची दहा-वीस पाने, एखादी केळ, कोपऱ्यात शेवगा आणि कुडावर चढलेला वालाचा वेल हमखास असे. त्याला कोणी परसबाग म्हणत नसे, पण पाहुणा आला तर घरातील बाईला भाजीसाठी शेजारी जावे लागत नसे. आता घरे पक्की झाली, नाल्या सिमेंटच्या झाल्या. न्हाणीचे पाणी सरळ रस्त्यावर आले आणि भाजी आठवडी बाजारावर गेली. बाजार आठवड्यातून एकदा, म्हणून ताटातली पालेभाजीही आठवड्यातून एकदाच.

याचा परिणाम कोणावर होतो ते पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के आणि पाच वर्षांखालील बालकांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. म्हणजे आपल्या घरातील दोन स्त्रियांपैकी एक, आणि तीन लेकरांपैकी दोन. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत प्रौढ माणसाला दररोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सुचविली आहेत. पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो भाजी! मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाने ती विकत घ्यायची म्हटले तर मजुरीचा किती भाग जाईल याचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा. परसबाग ही सगळी गरज भागवणार नाही. परंतु ज्याची सर्वात जास्त उणीव आहे तो हिरवा पाला ती नक्की देऊ शकते. ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांच्याही घरामागे दीडशे चौरस फूट जागा बहुधा निघते.

पाण्याचा हिशेब

"बीड जिल्ह्यात प्यायला पाणी नाही, बाग कुठली?" असा प्रश्न लगेच येतो आणि तो रास्त आहे. आपल्या जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सुमारे ६६६ मिलिमीटर. १९७२ च्या दुष्काळात मिलो आणि सुकडी खाल्लेली पिढी अजून आपल्यात आहे, आणि २०१२-१३ व २०१५-१६ ची टँकरची रांग तर तरुणांनीही पाहिली आहे. परंतु बँकेत काम करणाऱ्या माणसाला एक सवय असते, जमा आणि नावे दोन्ही बाजू मांडून पाहण्याची. तशा मांडून पाहू.

टँकरच्या दिवसांतही माणशी २० लिटर पाणी धरले जाते. पाच माणसांचे झाले १०० लिटर. त्यातले निम्मे, म्हणजे ५० लिटर, आंघोळ आणि भांडी धुण्यातून बाहेर पडते. भाजीच्या वाफ्याला हिवाळ्यात एका चौरस मीटरला दिवसाकाठी साधारण तीन ते चार लिटर पाणी लागते. एप्रिल-मे महिन्यात सहा-सात लिटर. म्हणजे ५० लिटरवर हिवाळ्यात १४ चौरस मीटर (सुमारे दीडशे चौरस फूट) आणि उन्हाळ्यात त्याच्या निम्मी जागा भिजते. नळ रोज येत असेल तर याहून जास्त. बागेसाठी एक घागरही वेगळी आणावी लागत नाही.

दुसरी जमा छपराची. २०० चौरस फुटांच्या पत्र्यावर ६६६ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी सुमारे दहा हजार लिटर पाणी खाली येते. पन्हाळ लावून ते पिंपात घेतले किंवा झाडाच्या आळ्यात सोडले तर पावसाळ्यातील उघडीप निभावते.

सांडपाणी वापरताना काही पथ्ये मात्र पाळावीत. न्हाणीच्या तोंडाशी दोन फूट खोल खड्डा करून त्यात खाली दगडगोटे, मध्ये कोळसा आणि वर वाळू भरावी. त्यातून निथळलेले पाणी वाफ्याकडे न्यावे. पहिल्या पाण्याच्या वाटेवर अळू, केळ, कर्दळ लावावी. कपड्यांच्या सोड्याचे पाणी भाजीला देऊ नये. आपली काळी जमीन मुळातच खारवट होण्याकडे झुकते, त्यात सोडा भर घालतो. ते झाडांना आलटून-पालटून द्यावे. कच्ची खाण्याची कोथिंबीर, मुळा, काकडी यांना स्वच्छ पाणीच घालावे. सांडपाणी पानांवर न शिंपडता बुडाशी सोडावे. संडासाचे पाणी कोणत्याही स्थितीत बागेत येऊ देऊ नये.

जागा, माती आणि सात वाफे

दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी. शेवगा, पपई, सीताफळ यांसारखी झाडे उत्तर किंवा पश्चिम कडेला लावावीत, म्हणजे वाफ्यांवर दिवसभर सावली पडत नाही आणि दुपारचे ऊन थोडे अडते. सिंदफणा-गोदाकाठच्या भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते. तेथे वाफे वीतभर उंच करावेत आणि मातीत थोडी वाळू मिसळावी. आष्टी-पाटोद्याकडील मुरमाड जमिनीत उलट दोन टोपली गाळाची माती आणि शेणखत घालून वाफे थोडे खोलगट ठेवावेत.

सात फूट लांब आणि तीन फूट रुंद असे सात वाफे पाडावेत. असा एक वाफा दोन चौरस मीटरचा होतो. सात वाफे म्हणजे वर सांगितलेल्या ५० लिटरचे बरोबर माप. त्यांपैकी चार वाफे पालेभाजीला द्यावेत, पण चारही एकाच दिवशी पेरू नयेत. दर आठवड्याला एक वाफा पेरावा. मेथी चार आठवड्यांत काढणीला येते, पालक पाच आठवड्यांत. म्हणजे पहिला वाफा निघतो तेव्हा चौथा पेरलेला असतो आणि दर आठवड्याला दीड-दोन किलो पाला घरात येत राहतो. एकदम सगळे पेरले तर एका आठवड्यात शेजाऱ्यांना वाटून संपते आणि पुढे महिनाभर वाफे रिकामे राहतात.

उरलेल्या तीन वाफ्यांत वांगी, मिरची, टोमॅटो, भेंडी, गवार घ्यावी. कुंपणाची जागा वेलांची : दोडका, कारले, दुधी, वाल.

हंगामाप्रमाणे पिके अशी घ्यावीत. पावसाळ्यात भेंडी, गवार, चवळी, अंबाडी, तांदुळजा, राजगिरा, दोडका, कारले. हिवाळ्यात मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, चाकवत, करडईचा पाला, मुळा, गाजर, टोमॅटो. उन्हाळ्यात निम्मे वाफे पालापाचोळ्याने झाकून मोकळे सोडावेत आणि उरलेल्यांत तांदुळजा, घोळ, पुदिना ठेवावा. मेथी आणि धने पेरायला स्वयंपाकघरातलेही चालतात. धने मात्र रगडून दोन फोडी कराव्यात आणि रात्रभर भिजवावेत.

खतासाठी तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्ड्यात पालापाचोळा, भाजीची देठे आणि शेण थराथराने टाकावे. अधूनमधून ओल दिली तर तीन-चार महिन्यांत खत तयार होते. बीड, परळी, अंबाजोगाई शहरांत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी गच्चीवर तेलाचे डबे, सिमेंटची पोती, फुटक्या बादल्या वापराव्यात, बुडाला छिद्रे पाडावीत. कीटकनाशकाचे डबे मात्र धुऊनही वापरू नयेत.

किडीसाठी निंबोळी अर्क पुरेसा आहे. पाव किलो निंबोळीची भरड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळून पाच लिटर पाणी करावे, चिमूटभर साबणाचा चुरा घालून फवारावे. माव्यावर चुलीतली राख धुरळली तरी फरक पडतो. कपाशीवर मारून उरलेले औषध "थोडेसेच" म्हणून घरच्या भाजीवर मारणे हा सर्वात घातक प्रकार आहे. तो कटाक्षाने टाळावा.

फळे आणि औषधी वनस्पती

जागा एकाच झाडापुरती असेल तर ते शेवग्याचे असावे. तो थोड्या पाण्यावर जगतो, वर्षभरात शेंगा देतो, आणि पाला तर तीन-चार महिन्यांतच खुडता येतो. पाल्यात लोह, चुना आणि अ जीवनसत्त्वाचा अंश भरपूर. दरवर्षी शेंगा संपल्यावर छाटणी केली म्हणजे पाला हाताच्या उंचीवर राहतो. सांडपाण्याच्या कडेला पपई दहा-अकरा महिन्यांत फळ देते. नर झाडे निघतात म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावून फुलोऱ्यानंतर निवड करावी. लिंबू अवश्य असावे. त्यातील क जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतले लोह अंगी लागते. उलट जेवणाला लागून घेतलेला चहा ते लागू देत नाही.

सीताफळ तर आपल्या बालाघाटच्या डोंगराचेच लेकरू. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि अंबाजोगाईला कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे. उन्हाळ्यात हे झाड पाने गाळून स्वस्थ उभे राहते. पाणी मागत नाही.

तुळस, गवती चहा, अडुळसा, पानओवा, कोरफड, कढीपत्ता यांना दोन-चार हात जागा पुरते. सर्दी-पडशाला त्यांचा काढा बरा. परंतु दोन दिवसांहून जास्त ताप, लेकराची हगवण, साप-विंचू यांना काढा हे औषध नव्हे. तेथे दवाखानाच गाठावा.

बियाणे घरचे

दरवर्षी पाकीट विकत आणावे लागले तर बाग दोन वर्षांत बंद पडते. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे (ता. अकोले) येथील राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड न पाहता गावरान बियाणांची बँक उभी केली आणि २०२० च्या पद्मश्री सन्मानापर्यंत त्यांचे काम पोचले. आपण निदान वाल, दोडका, भेंडी, तांदुळजा, वांगी यांचे बी धरावे. वेलावरचे पहिले निरोगी, दांडगे फळ बियाण्यासाठी राखावे, पूर्ण वाळू द्यावे, बी राखेत घोळून बाटलीत बंद करावे. संकरित वाणाचे बी धरू नये. पुढच्या पिढीत त्याचे गुण टिकत नाहीत. गावरान बियाणे आणि सल्ला यांसाठी अंबाजोगाई व खामगाव (ता. गेवराई) येथील कृषी विज्ञान केंद्रांत चौकशी करावी. गावातील बचत गटाच्या ताई 'उमेद' अभियानाच्या 'माझी पोषण परसबाग' मोहिमेची माहिती देऊ शकतील.

कोयता घेऊन जाणाऱ्या कुटुंबांसाठी

आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कोपीवर चटणी-भाकर हेच जेवण, आणि पहाटेपासून मोळ्या वाहणाऱ्या बाईला पालेभाजीची सर्वात जास्त गरज तेव्हाच. त्यांनी जून ते ऑक्टोबर एवढ्यासाठी वाफे करावेत आणि बाकी भर शेवगा, सीताफळ, कढीपत्ता यांसारख्या झाडांवर ठेवावा. घरी राहिलेले म्हातारे आई-वडील एवढ्याला पाणी घालू शकतात. जाण्यापूर्वी शेवग्याचा पाला धुऊन सावलीत कडक वाळवावा, कुटून डब्यात घट्ट बंद करावा. रोज माणशी एक-दोन चमचे भाकरीच्या पिठात किंवा वरणात घातले की पाला गावापासून दूरही पोटात जातो. गवारीचे वाळवण करावे. कोपी एका जागी महिनाभर असेल तर फुटक्या घमेल्यात मेथीही उगवते.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. बाग फुलली म्हणून रक्त वाढत नाही. ती भाजी कोणाच्या ताटात पडते यावर ते ठरते. आपल्या घरात बाई सर्वांत शेवटी जेवते आणि पातेल्याच्या बुडाशी उरेल तेवढेच तिला मिळते. परसबागेला पाणी घालणारी तीच, खुडणारी तीच, निवडणारीही तीच. मग पहिली वाढ तिची आणि वयात आलेल्या मुलीची का असू नये? आरोग्य उपकेंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या सुरू असतील तर त्याही बंद करू नयेत. पालेभाजी त्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या बदल्यात नाही.

बंधू-भगिनींनो, बँकेत छोटी आवर्त ठेव काढणारा माणूस पहिल्या महिन्यात श्रीमंत होत नाही. पण हप्ता चुकवला नाही तर मुदतीला रक्कम हाती येते. परसबागेचे तसेच आहे. रोजचा हप्ता फक्त न्हाणीच्या ५० लिटर पाण्याचा आणि अर्ध्या तासाच्या श्रमाचा. येत्या मृगात प्रत्येक घराने एक शेवगा, एक लिंबू आणि पालेभाजीचे निदान चार वाफे एवढ्यापासून सुरुवात करावी, आणि पुढल्या वर्षी आपले जादा बी शेजारच्या घरी द्यावे.