खळबळीची मदत

बाळांनो, काळ्या समुद्रात शंभरेक मीटर खोल गेलं की पाण्यातला प्राणवायू संपतो. तिथे हरित गंधक जीवाणू राहतात. त्यांचं पोट उन्हावर चालतं, आणि ऊन तर तिथे जेमतेम पोचतं. मग मिळालेला प्रकाश वाया घालवून त्यांचं कसं भागेल?

हे जीव हरितद्रव्याच्या हजारो रेणूंनी उजेड टिपतात. टिपलेली ऊर्जा एका प्रथिनातून केंद्राकडे जाते आणि तिथे कामी लागते. 1975 मध्ये रॉजर फेन्ना आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी त्या प्रथिनाची रचना उलगडली. त्याचे तीन सारखे भाग, आणि प्रत्येक भागात हरितद्रव्याचे 7 रेणू. आठवा पुढे सापडला. या रेणूंच्या जाळ्यातून ऊर्जेला वाट काढायची असते, तीही झटपट, नाहीतर ती वाटेतच विरते.

आता समजा, तुम्ही गल्लीत उभे आहात. छापा पडला की एक घर डावीकडे, काटा पडला की एक घर उजवीकडे. 100 वेळा नाणं उडवलंत तरी मूळ जागेपासून साधारण दहाएक घरंच लांब जाल. पुंजभौतिकीतली, म्हणजे अणू-रेणूंच्या जगातली, चाल अशी नसते. तिथे ऊर्जा लाटेसारखी एकाच वेळी सगळ्या वाटांनी पसरते, म्हणून जितकी पावलं जास्त तितकी ती दूर जाते.

पण लाटेला एक खोड असते. दोन वाटांनी आलेल्या लाटांपैकी एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडला, की दोन्ही नाहीशा होतात. त्यात या रेणूंच्या ऊर्जापातळ्या एकसारख्या नाहीत. त्यामुळे पूर्ण शांततेत लाट मध्येच अडकून बसते.

इथे निसर्गाची कमाल बघा! प्रथिन सतत थरथरतं, भोवतालचं पाणी त्याला धक्के देतं, रेणूंच्या पातळ्या वरखाली होतात. या खळबळीने लाटांचं एकमेकींना पुसून टाकणं मोडतं आणि अडकलेली ऊर्जा पुढे सरकते. खळबळ फार वाढली, तर मात्र लाट जमायच्या आतच विस्कटते आणि ऊर्जा जागच्या जागी खिळते. मधल्या पट्ट्यात वेग सर्वांत चांगला. 2008 मध्ये मसूद मोहसेनी, सेठ लॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गणिताने दाखवलं. मार्टिन प्लेनिओ आणि सुसाना उएल्गा यांनीही त्याच वर्षी तेच सांगितलं.

एक गोष्ट मात्र खरी खरी सांगायला हवी. 2007 मध्ये या प्रथिनात दिसलेली लांबलेली स्पंदनं म्हणजे पुंज-लाटच, असं तेव्हा वाटलं होतं. पुढच्या बारीक प्रयोगांतून कळलं, की ती बहुतांशी रेणूंच्या कंपनांची होती. खरी लाट फार लवकर मावळते. विज्ञानाने स्वतःचं म्हणणं असं दुरुस्त केलं, म्हणून मला ते जास्तच आवडतं. खळबळीच्या मदतीचं गणित मात्र या दुरुस्तीने खोटं ठरलं नाही.

ते प्रत्यक्ष पाहायला ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या शास्त्रज्ञांनी 10 आयनांची, म्हणजे विद्युतभारित अणूंची, रांग विद्युतक्षेत्रात पकडली, त्यांच्या पातळ्या मुद्दाम उंचसखल केल्या आणि मग हवा तेवढा गोंधळ सोडला. थोडा गोंधळ असताना ऊर्जा ठरवलेल्या आयनापर्यंत जास्त पोचली. गोंधळ फार वाढवल्यावर पुन्हा कमी झाली.