संध्याकाळी सहानंतरचे गुडघे : साउदॅम्प्टनचे वार्तापत्र

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील साउदॅम्प्टन हे बंदर आज क्रूझ जहाजांसाठी, म्हणजे कुठे पोचण्यासाठी नव्हे तर जहाजावरच सुट्टी घालवण्यासाठी निघणाऱ्या प्रवासी जहाजांसाठी, विशेष ओळखले जाते. आणि या जहाजांवर येणाऱ्या भारतीय प्रवाशाच्या व्हिसा, विमा, शाकाहारी जेवण या साऱ्या शंकांचे निरसन झाल्यावरही एक प्रश्न हमखास शिल्लक राहतो, तो असा की रात्रीच्या जेवणाला हाफ पँट घालून गेले तर चालते का. उत्तर एका ओळीचे आहे : बुफेच्या दालनात चालते, मुख्य भोजनगृहात चालत नाही. परंतु या एका ओळीमागे ब्रिटिश समाजाचा बराच मोठा इतिहास उभा आहे, आणि तो मुंबईतल्या लोअर परळच्या वाचकाला वाटतो तितका परका नाही. एक तर परदेशी सहलींचा व्यवसाय ज्या नावाने रूढ केला त्या थॉमस कुकची पहिली सहल १८४१ साली लेस्टरहून निघाली, त्या पेढीने १८८१ साली मुंबईत पाय ठेवला, आणि आजच्या थॉमस कुक (इंडिया) कंपनीचे कार्यालय लोअर परळमध्येच ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे जुन्या मंडळींच्या डिलाईल रोडवर आहे. दुसरे कारण गिरण्यांशी निगडित आहे. त्याकडे पुढे वळता येईल.

नियम सर्वांत काटेकोरपणे पाळणारी कंपनी म्हणजे क्युनार्ड. १८४० साली टपाल वाहून नेण्यासाठी सुरू झालेल्या या कंपनीची ‘क्वीन मेरी २’, ‘क्वीन व्हिक्टोरिया’, ‘क्वीन एलिझाबेथ’ आणि २०२४ साली दाखल झालेली ‘क्वीन ॲन’ अशी चार जहाजे आहेत. दिवसभर त्यांवर कोणी काय घालावे याला फारसे बंधन नसते. न्याहारीला आणि दुपारच्या जेवणाला हाफ पँट, ज्याला मुंबईकर सरसकट ‘बर्म्युडा’ म्हणतात, ती निःसंकोच चालते. संध्याकाळी सहा वाजले की चित्र पालटते. एरवीच्या संध्याकाळी ‘स्मार्ट अटायर’, म्हणजे पुरुषांसाठी लांब विजार, कॉलरचा शर्ट आणि शक्यतो कोट, अपेक्षित असते. आणि प्रत्येक सफरीत काही रात्री ‘गाला इव्हिनिंग’ म्हणून राखून ठेवलेल्या असतात, ज्यांना काळा डिनर सूट व बो किंवा निदान गडद सूट आणि टाय लागतो. ज्याला हे सोपस्कार नको असतील त्याच्यासाठी ‘क्वीन मेरी २’वर किंग्ज कोर्ट हे बुफेचे दालन आणि गोल्डन लायन हा पब उघडा असतोच.

या नियमाची अंमलबजावणी कशी होते ते पाहण्यासारखे आहे. भोजनगृहाच्या दारात ‘मेत्र दॉतेल’, म्हणजे टेबलांची व्यवस्था पाहणारा मुख्य अधिकारी, हातात यादी घेऊन उभा असतो. हाफ पँटमध्ये आलेल्या गृहस्थाच्या गुडघ्यांकडे तो चुकूनही पाहत नाही, ‘नाही’ हा शब्द शक्यतो उच्चारत नाही, आणि खोलीत जाऊन कपडे बदलायला लागतील तेवढा वेळ टेबल राखून ठेवण्याची तयारी अशा मृदू स्वरात दाखवतो की नकार मिळाला हे त्या गृहस्थाला लिफ्टमध्ये शिरल्यावर उमगावे. नियम मोडणाऱ्याला लाज वाटावी पण ती कोणी आणली हे कळू नये, ही ब्रिटिश सभ्यतेची खास हातोटी म्हणता येईल.

जेवणासाठी वेगळे वस्त्र ही कल्पना मराठी माणसाला समजावून सांगावी लागू नये. गिरगावातल्या जुन्या ब्राह्मणी घरांत मुकटा नेसल्याशिवाय, म्हणजे सोवळ्याचे रेशमी वस्त्र गुंडाळल्याशिवाय, पुरुष पानावर बसत नसत. सोवळ्यात अंग उघडे टाकायचे आणि इंग्रजाने ते गळ्यापर्यंत झाकायचे, एवढा फरक वरवरचा आहे. दोन्हीकडे वस्त्राचे खरे काम पंक्तीला कोण बसू शकतो हे ठरवण्याचेच होते. एकीकडे कसोटी जातीची आणि विटाळाची, तर दुसरीकडे वर्गाची, म्हणजे ज्याच्याकडे दिवसातून तीनदा कपडे बदलण्याइतकी सवड आहे आणि ते इस्त्री करून ठेवणारा नोकर आहे अशा माणसाची. व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमध्ये ‘जेवणासाठी तयार होणे’ हा सुखवस्तू घरांतला रोजचा विधी होता. गंमत अशी की आज औपचारिकतेची परमावधी मानला जाणारा डिनर जॅकेट त्या काळात सैलपणाचे लक्षण होता : लंडनच्या सॅव्हिल रो भागातील हेन्री पूल या शिंप्यांच्या पेढीचा दावा असा आहे की १८६५ साली तिने युवराजासाठी, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्रासाठी, लांब शेपटांच्या कोटाला पर्याय म्हणून घरगुती जेवणात घालायला हा आखूड कोट शिवला. एका पिढीचा आळस पुढच्या पिढ्यांचा शिष्टाचार झाला.

जमिनीवर हा विधी दुसऱ्या महायुद्धानंतर ओसरत गेला; जहाजावर तो टिकला, कारण जहाज हे मुळातच वर्गांच्या उतरंडीवर बांधलेले होते. १० एप्रिल १९१२ रोजी याच बंदरातून निघालेल्या ‘टायटॅनिक’वर तीन वर्गांची तीन भोजनगृहे होती, आणि कोणी कुठे जेवायचे हे तिकिटावरच ठरत असे. १९५८ साली जेट विमाने अटलांटिकवरून उडू लागली, समुद्रमार्गे जाणे ही गरज उरली नाही, जहाजे सहलीसाठी धावू लागली आणि तिकिटावरचे वर्ग हळूहळू नाहीसे झाले. निदान कागदोपत्री नाहीसे झाले, कारण क्युनार्डच्या जहाजांवर आजही सर्वांत महाग खोल्यांतील प्रवासी ‘क्वीन्स ग्रिल’मध्ये, त्याखालचे ‘प्रिन्सेस ग्रिल’मध्ये आणि उरलेले बहुसंख्य ‘ब्रिटानिया’मध्ये जेवतात. मात्र ब्रिटानियातल्या बहुसंख्यांनाही पहिल्या वर्गाचा भास हवा असतो, आणि तो भास वेशसंहितेने पुरवला जातो. ही मेख ध्यानात घेतली म्हणजे हाफ पँटवरून सहप्रवाशांमध्ये इतके हमरीतुमरीचे वाद का होतात ते उमगते : डिनर सूट भाड्याने घेऊन आलेल्या माणसाने पैसे मोजले आहेत ते पदार्थांसाठी कमी आणि शेजारच्या टेबलाच्या दर्शनासाठी अधिक.

गुडघा उघडा दिसणे हे कारण सांगितले जाते, पण ते टिकत नाही. गाला इव्हिनिंगला स्कॉटिश पुरुषाचा किल्ट, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा चुणीदार लोकरी घागरा, पूर्ण औपचारिक मानला जातो, आणि त्याखाली गुडघे दिसतातच. याहून मौजेची बाब जहाजाच्या पाठीमागच्या भागावर रंगवलेली असते. २०११ साली क्युनार्डने आपली जहाजे ब्रिटिश नोंदणीतून काढून बर्म्युडा या अटलांटिकमधील ब्रिटिश सागरपार प्रदेशाच्या नोंदणीत नेली. समुद्रात असताना कप्तानाला प्रवाशांची लग्ने लावता यावीत, हे त्यामागचे जाहीर कारण होते. तेव्हापासून या जहाजांवर नोंदणीचे बंदर म्हणून त्या बेटाच्या राजधानीचे, हॅमिल्टनचे नाव झळकते. त्या हॅमिल्टनमध्ये बँकेतील अधिकारी कोट, टाय, गुडघ्यापर्यंतचे मोजे आणि नीट इस्त्री केलेली हाफ पँट अशा वेशात कामावर जातात आणि तो वेश सभासमारंभालाही चालतो. ऑलिंपिकच्या उद्घाटन संचलनातही बर्म्युडाचा संघ हाफ पँटमध्येच उतरतो. म्हणजे ज्या देशाचा झेंडा जहाजावर फडकतो, त्या देशाच्या प्रतिष्ठित नागरिकाला त्याच्या पोशाखात सहानंतर त्याच जहाजावरील मुख्य भोजनगृहात बसता येईल याची खात्री नसावी, अशी ही व्यवस्था आहे.

आक्षेप गुडघ्यावर नसून त्या वस्त्राला चिकटलेल्या आठवणींवर आहे. इंग्लंडमध्ये अर्धी विजार ही शाळकरी मुलाची खूण होती आणि लांब विजार मिळणे म्हणजे मोठे होणे. महाराष्ट्रातल्या शाळांतही आठवीत फुल पँट मिळेपर्यंत मुलगा लहानच समजला जाई, आणि ही पद्धत कुठून आली ते सांगायला नको.

मुंबईच्या बाजूने पाहिले तर ही कथा अधिक खोल जाते. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यावर पी अँड ओ कंपनीच्या आगबोटी मुंबई-इंग्लंड मार्गाचा कणा बनल्या. वातानुकूलन नसलेल्या त्या जहाजांवर तांबड्या समुद्रातल्या उकाड्यात लोकरी कोट घालून जेवणे अशक्य होई, म्हणून ‘रेड सी रिग’ नावाची सवलत रूढ झाली, तिच्यात कोट उतरवायचा पण शर्ट, बो आणि कमरपट्टा कायम ठेवायचा. विजार आखूड करण्याची मुभा मात्र त्या भट्टीतही मिळाली नाही. या जेवणावळीत वाढणारे हात मोठ्या प्रमाणात गोव्याच्या ख्रिस्ती तरुणांचे होते; गोमांस वा डुकराचे मांस वाढण्यास त्यांना धर्माची आडकाठी नव्हती, ही गोष्ट कंपन्यांना सोयीची होती. दोन सफरींच्या मधल्या काळात ते धोबी तलावच्या जेर महालसारख्या इमारतींतील ‘कुडां’मध्ये, म्हणजे गावागावाने चालवलेल्या सामायिक बिऱ्हाडांत राहत. कोणता काटा कुठे ठेवायचा आणि कोणत्या रात्री कोणता कोट, हे त्या काळच्या बऱ्याच इंग्रजांपेक्षा गोव्यातल्या सासष्टी-बारदेशच्या या माणसांना नेमके ठाऊक असे.

याच मार्गावरचा एक प्रवासी वेशाच्या इतिहासात अद्वितीय ठरतो. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीने निघालेले मोहनदास गांधी काट्या-चमच्यांच्या भयाने भोजनगृहात न जाता खोलीतच बरोबर आणलेली मिठाई आणि फळे खात राहिले, आणि आत्मकथेत त्यांनी दिलेल्या आठवणीनुसार साउदॅम्प्टनला पांढऱ्या फ्लॅनेलच्या सुटात उतरले. सप्टेंबरअखेर तसे कपडे घातलेले ते एकटेच निघाले आणि शरमले. (ते प्रत्यक्षात टेम्सवरील टिलबरीला उतरले असे काही चरित्रकार मानतात.) पुढे २९ ऑगस्ट १९३१ रोजी गोलमेज परिषदेसाठी तेच गांधी ‘राजपुताना’ बोटीने मुंबईहून निघाले ते पंचा नेसून, उघड्या गुडघ्यांनी, दुसऱ्या वर्गाने, आणि ५ नोव्हेंबरला बकिंगहॅम राजवाड्यातील चहापानालाही त्याच वेशात गेले. भोजनगृहाला घाबरलेल्या विद्यार्थ्यापासून राजवाड्यात पंचा नेसून शिरणाऱ्या नेत्यापर्यंतच्या त्रेचाळीस वर्षांत इंग्रजी वेशसंहिता बदलली नव्हती; ती न पाळण्याचे मोल चुकवण्याची एका माणसाची तयारी झाली होती.

लोअर परळमध्ये हाच प्रश्न उलट्या अंगाने दिसतो. सूत तुटू नये म्हणून गिरण्यांच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, हवा मुद्दाम दमट ठेवली जाई आणि त्या उष्म्यात कामगार बनियन व अर्ध्या चड्डीवर पाळी काढत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या, फिनिक्स आणि कमला मिलच्या आवारांत मॉल, कचेऱ्या आणि मद्यगृहे उभी राहिली, आणि आता त्या परिसरात रात्री अनेक दारांशी पुरुषांना शॉर्ट्स व चपला घालून प्रवेश नसल्याची सूचना असते. ज्या आवारात हाफ पँट हा कामाचा वेश होता, तिथेच ती आत येण्यास अपात्र ठरली, याची नोंद करताना हेही सांगितले पाहिजे की आज तिथे अडवली जाणारी हाफ पँट बहुधा कामगाराची नसून भरपूर पगार घेणाऱ्या तरुणाची असते. शिवाय दारावरच्या नियमांना मुंबईत वंशावळ आहे. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी हिंदी व युरोपीय या दोहोंसाठी खुला म्हणून काढलेल्या, लोअर परळपासून हाकेच्या अंतरावरील विलिंग्डन क्लबमध्ये १९८८ साली चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांना अनवाणी असल्यामुळे प्रवेश नाकारला गेला. तमिळनाडूत २०१४ साली वेष्टी, म्हणजे तिकडचे धोतर, नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना चेन्नईच्या एका क्लबने अडवले, तेव्हा राज्य सरकारने कायदा करून अशी बंदी बेकायदा ठरवली.

अमेरिकी कंपन्यांनी हा गुंता व्यापारी बुद्धीने सोडवला. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० सालापासून ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणून सक्तीच्या औपचारिक रात्रीच काढून टाकल्या, आणि कार्निव्हलच्या भोजनगृहात एरवीच्या रात्री नीटस लांब हाफ पँट चालते, फक्त जिमची चड्डी, पोहण्याचे कपडे आणि बिनबाह्यांचे बनियन वर्ज्य असतात. ब्रिटिश कंपन्याही दर काही वर्षांनी नियम सैल करतात, पण सैल केल्याचे जाहीर न करता शब्द बदलतात, ‘आवश्यक’च्या जागी ‘पसंत’ येते, आणि जुने प्रवासी तेवढ्यानेही अस्वस्थ होतात.

लोअर परळहून येणाऱ्या पुरुष प्रवाशाने यावरून डिनर सूट शिवून घेण्याची घाई करू नये. गाला इव्हिनिंगला ‘औपचारिक राष्ट्रीय पोशाख’ मान्य असतो, त्यामुळे गडद रंगाचा बंदगळा वा शेरवानी पुरते. स्त्रियांच्या साडीबद्दल तर प्रश्नच नसतो, आणि पैठणी नेसलेल्या बाईला त्या रात्री टेबलापर्यंत पोचायला वेळ लागतो तो वाटेत कौतुक करणाऱ्यांमुळे. धोतर, कोट आणि पगडी हा वेशही या व्याख्येत चोख बसतो, जरी तो नेसून वावरण्याचा सराव आता फार थोड्यांना उरला आहे. हाफ पँट सामानात जरूर असावी, कारण दिवसा डेकवर सूट घातलेला माणूसच विचित्र दिसतो. आणि सुट्टीत घड्याळाकडे पाहून कपडे बदलणे ज्याला मुळीच मानवत नाही, त्याने साउदॅम्प्टनऐवजी मायामीहून सुटणारे जहाज निवडावे.