तुमच्या कथेतला डॉक्टर रात्री दोन वाजता काय करतो?

समजा, तुम्ही कथा लिहायला बसला आहात. अभनपूरजवळ महामार्गावर अपघात होतो. जखमीला रायपूरच्या मेकाहारात, म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर रुग्णालयात नेतात. तुमचा तरुण नायक धावत येतो आणि एकट्यानं ऑपरेशन करून जीव वाचवतो. प्रसंग जोरदार आहे; पण नायक सर्जरीच्या पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर असेल, तर तो खरा वाटणार नाही.

सर्जरीचं एमएस तीन वर्षांचं असतं. म्हणून आधी नायकाचं वर्ष ठरवा. पहिल्या वर्षी रुग्णाची माहिती लिहिणं, नमुने पाठवणं, रक्ताची सोय पाहणं, ड्रेसिंग, डिस्चार्जचे कागद ही कामं मोठी असतात. ऑपरेशनमध्ये तो बहुतेक वेळा रिट्रॅक्टरनं जखमेच्या कडा ओढून धरून उभा असतो. पुढच्या वर्षांत हाती जास्त काम येतं, पण वरिष्ठांच्या देखरेखीखालीच. सोबत प्रबंध, लॉगबुक आणि परीक्षा असतातच. शिवाय तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं. छोट्या गावातल्या कथेला इथे छान जागा मिळते.

कामाचे तासही तपासा. केंद्र सरकारच्या 1992 च्या निर्देशांनुसार ड्युटी साधारणपणे दिवसाला 12 आणि आठवड्याला 48 तासांपेक्षा जास्त नसावी. प्रत्यक्षात सलग 36 तासांच्या ड्युटीची तक्रार निवासी डॉक्टर वारंवार करतात.

मग माहिती कुठून मिळवाल? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा सर्जरीचा अभ्यासक्रम ऑनलाइन मिळतो. मुंबईच्या केईएममधले सर्जन डॉ. रवी बापट यांचं ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’ वाचा. ओळखीत निवासी डॉक्टर असेल तर सुट्टीच्या दिवशी चहाला बोलवा. ‘थरारक केस सांगा’ असं म्हणू नका. ‘काल रात्री दोन वाजता काय करत होतात? जेवलात कधी?’ असं विचारा. कथा तिथेच सापडेल. लिहून झाल्यावर त्यांना एकदा वाचायला द्या.

एक पथ्य मात्र पाळा. वॉर्डात मोबाइल काढून फोटो घेऊ नका. रुग्णाचं नाव, गाव, ओळख पटेल असा तपशील कथेत आणू नका.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेली आई ज्याला जाब विचारते, तो बहुधा सगळ्यात धाकटा डॉक्टर असतो. निर्णय त्याच्या हातात नसतो, पण समोर तोच असतो. आपण कथांमधून एकट्यानं चमत्कार करणारे डॉक्टर दाखवत राहिलो, तर खऱ्या वॉर्डात तीच अपेक्षा ठेवली जाते आणि राग त्या धाकट्यावर निघतो. तुमची कथा वाचून एखाद्या नातेवाइकानं त्याला ओरडण्याआधी ‘काही खाल्लंत का?’ असं विचारलं, तर तुमची मेहनत सार्थकी लागली समजा.